चष्मा पुढच्या महिन्यात

गणिताच्या पुस्तकातलं कुटुंब मोठं गुणी असतं. उत्पन्न ठरलेलं, तेही शून्यांनी संपणारं. त्या घरात ऐन महिनाअखेरीला कुणाला ताप भरत नाही, मामेबहिणीचं लग्न निघत नाही, गाडी पंक्चर होत नाही. वाण्याची वही नाही, हातउसने नाहीत, रात्री साडेनऊला गावाकडून येणारा फोन नाही. अन्नावर इतके टक्के, शिक्षणावर इतके टक्के, घरभाड्यावर इतके टक्के असं सगळं शिस्तीत खर्चून उरलेली रक्कम बचत म्हणून बँकेत जाते. उरतेच ती. न उरून सांगते कुणाला, पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेलं असतं.

नववीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे. बचत, गुंतवणूक आणि मग आयकर. उत्पन्नाचे टप्पे, प्रत्येक टप्प्याचा वेगळा दर. मी ते मन लावून शिकवते, मुलं मन लावून सोडवतात. पण माझी शाळा पिंपरी-चिंचवडच्या बाजूला आहे. वर्गात बसतात ती सुरक्षारक्षकांची, कंत्राटी कामगारांची, रिक्षावाल्यांची, सोसायट्यांमध्ये पोळ्या लाटायला जाणाऱ्या बायांची मुलं. एकाच्या घरचं किराणा दुकान आहे. वर्गात तो श्रीमंत समजला जातो, आणि दुकानातली उधारी कुणाकडे किती हे त्याला ठाऊक असल्यामुळे जरा वचकूनही असतात त्याला. या पोरांच्या घरी आयकराचा कागद कधी येईल तेव्हा येईल. तेवीस हजारांत पाच माणसांचा महिना मात्र आजही काढावा लागतो, आणि तो कसा काढायचा याचं गणित पुस्तकात नाही.

म्हणून प्रकरण संपलं की मी काही तास राखून ठेवते आणि आम्ही फळ्यावर एक घर मांडतो. त्याचा पहिला नियम असा की, आपल्या घरातला आकडा वर्गात आणायचा नाही. ‘विद्यार्थ्यांनी आपल्या घरचा जमाखर्च लिहून आणावा’ असा उपक्रम प्रशिक्षणांत कुणी ना कुणी सुचवतंच. सुचवणारे सज्जन असतात, पण मला तो चक्क क्रूरपणा वाटतो. चौदा वर्षांच्या पोराला बापाचा पगार चारचौघांत सांगायला लावायचा? काहींना तो माहीत नसतो, काहींना माहीत असतो म्हणूनच तोंड उघडवत नाही, आणि काहींना ‘घरातलं बाहेर बोललास तर बघ’ असा दम मिळालेला असतो. त्यापेक्षा खोटं घर बरं. गंमत अशी की, घर खोटं असलं की मुलं खरं बोलतात.

तर आमचं फळ्यावरचं घर. वडील कंपनीत कंत्राटावर, हातात १६,५०० रुपये. आई तीन घरी स्वयंपाकाला जाते, ७,०००. आजी, नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा. भाड्याची एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. हप्त्यावर घेतलेली दुचाकी. हे सगळं मुलांनीच ठरवलं. आजी असावी की नसावी यावर मतदान झालं. औषधाचा खर्च नको म्हणून एक गट विरोधात होता, शेवटी आजी दोन मतांनी राहिली.

पहिला खर्डा दरवर्षी सारखाच असतो. पुस्तकी घराची सावली पडलेला. किराणा ३,०००, भाडं ४,०००, शिक्षण ५००, ‘इतर’ ५०० आणि बचत पाच हजार. बचत आधी लिहायची आणि मग वरच्या ओळी तिला पुरतील अशा छाटायच्या, ही परीक्षेत मार्क मिळवण्याची हातोटी. मी काही खोडत नाही. एवढंच विचारते, ‘भाडं चार हजार? कुठे मिळते ही खोली, मला पण सांगा.’ मग हसतात, आणि खरी सुरुवात होते. भाडं साडेसहा हजारांवर जातं. किराणा दुकानवाला पोरगा उठून सांगतो की पाच माणसांचा किराणा पाच हजारांच्या खाली येणं शक्य नाही, आणि तेही रेशनचं धान्य मिळत असेल तर. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. म्हणजे या घराला पंचवीस किलो. मागच्या बाकावरून शंका येते, ‘कार्ड गावाकडचं असेल तर?’ एक देश एक रेशनकार्ड म्हणून कुठेही धान्य मिळतं, असं मी सांगते. मुलं माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की मी पुढच्या ओळीकडे वळते.

मुलांना स्वस्त-महाग कळतं, त्यात त्यांना शिकवण्यासारखं फार थोडं असतं. उलट मीच शिकते. एक लिटर तेलाच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल असतं, पण लिटरच्या पिशवीसारखीच दिसणारी कमी वजनाची पिशवी शेजारीच टांगलेली असते आणि घाईत तीच उचलली जाते, हे मला दुकानदाराच्या पोरानं सांगितलं. पाकिटावर आता ग्रॅममागची किंमत बारीक अक्षरात छापलेली असते. ती शोधून काढायचा खेळ आम्ही रिकामी पाकिटं आणून खेळतो. चहाची पाच रुपयांची पुडी आणि पाव किलोचं पाकीट यांचा दर काढला की वर्ग गप्प होतो. सिलिंडरचंही तेच. १४.२ किलोची टाकी नऊशेच्या आसपास पडते, म्हणजे किलोला साधारण त्रेसष्ट रुपये. ज्यांच्याकडे एका वेळी नऊशे नसतात ते छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून घेतात, शंभराच्या वर भावानं. ‘म्हणजे पैसे नसले की जास्त पैसे लागतात,’ असं एकीनं म्हटलं. मी तिला ते वाक्य फळ्यावर लिहायला लावलं. त्याला पुरावा म्हणून तिनं गॅसचा भागाकार शेजारी मांडला.

विजेच्या बिलापाशी मी मुद्दाम रेंगाळते. आयकराचे टप्पे आम्ही नुकतेच शिकलेलो असतो आणि बिलाच्या पाठीमागे तेच टप्पे उभे असतात: पहिली शंभर युनिटं एका दरानं, १०१ ते ३०० दुसऱ्या दरानं, पुढे आणखी वर. पहिल्या टप्प्याचा दर दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी. बहुतेक मुलांची समजूत अशी की, एकशे एकावं युनिट जळलं की सगळंच बिल महाग दरानं लागतं. घरी म्हणूनच तर महिनाअखेरीस पंखा बंद करण्यावरून कटकट होते. तसं नसतं, पहिल्या शंभरांना पहिलाच दर, फक्त वरच्या युनिटांना वरचा. हे कळल्यावर चेहऱ्यांवर जे येतं ते आयकराच्या उदाहरणानं कधी आलेलं मी पाहिलं नाही. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क अशा ओळी मुलं बोट ठेवून वाचतात.

पण त्याच तासाला निम्मा वर्ग म्हणाला, की आमच्याकडे बिल येतच नाही. खोल्या भाड्याच्या, मीटर घरमालकाचं. भिंतीवर छोटं सबमीटर, आणि युनिटला सरसकट बारा रुपये. फळ्यावरच्या घरात पन्नास युनिटं जळतात, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या निम्मी, आणि घर भरतं सहाशे. घरमालकावर सगळे तुटून पडले. तेव्हा दुकानदाराचा पोरगाच शांतपणे म्हणाला, ‘चार खोल्या एकाच मीटरवर असतील तर त्याचीपण युनिटं वरच्या टप्प्यात जाणार की.’ खरं होतं ते. घरमालकाचा नफा किती आणि टप्प्याची शिक्षा किती, हे वेगळं काढायला आम्हाला अख्खा तास लागला, तरी बारा रुपयांचा पूर्ण हिशोब लागला नाही तो नाहीच.

या सगळ्या ओळी खऱ्या केल्यावर बेरीज येते २४,९०० आणि उत्पन्न आहे २३,५००. चौदाशे कमी. त्यात अजून जून आलेला नाही. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं शाळेतून मोफत मिळतात, नववीला विकत घ्यावी लागतात. फळ्यावरच्या मुलीला नुकतीच ती घ्यावी लागलेली आहेत, आणि समोर बसलेल्यांनाही. गणवेश, दप्तर, गाडीचा विमा, गावची जत्रा, दिवाळी, दोन-चार लग्नांचे आहेर. वर्षातून एकदाच येणारे हे खर्च मुलं ‘अचानक’ या सदराखाली लिहितात. दिवाळी अचानक येते का रे, असं विचारलं की लाजतात. सगळ्यांची मिळून बेरीज आम्ही २४,००० धरली, बारानं भागली, महिन्याला दोन हजार. तूट ३,४०० वर गेली. बोनसचा आकडा तेव्हा कामाला येतो. बोनसच्या कायद्यानं किमान ८.३३ टक्के ठरवून दिले. हा असला विचित्र आकडा कुठून आला म्हणून मुलं शंभराला निरनिराळ्या संख्यांनी भागत बसतात आणि बाराशी येऊन थबकतात: वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार. गणिताच्या शिक्षिकेला असे क्षण पगाराच्या वर मिळतात. कायद्याच्या हिशोबात धरलेला पगार आणि हातात येणारा पगार एकच असतो का, हा पुढचा प्रश्न. त्यात गेलो तर घंटा होते.

लाडकी बहीणचे दीड हजार आईच्या नावावर धरावेत, असा ठराव आला. जुलै २०२४ पासून ते मिळू लागल्यापासून कुठल्याही गटाच्या वहीत ती ओळ पहिल्या पाचांत असते. अट वाचली, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. आमच्या घराचं २३,५०० गुणिले बारा, दोन लाख ब्याऐंशी हजार. वर्ग हिरमुसला. मग एक आवाज, ‘मॅडम, केशरी कार्ड असलं की दाखला लागत नाही.’ दुसरा, ‘आईचे पैसे रोखीत असतात, कोण बघतंय?’ गणिताच्या तासाला नागरिकशास्त्र शिरलं की मी खिडकी उघडते. दोन रकाने केले, पैसे धरून आणि न धरून. धरूनसुद्धा तूट १,९०० होतीच, त्यामुळे वाद फार ताणला नाही.

आकड्यांपेक्षा तारखा अवघड. पुस्तकातला महिना तीस दिवसांचा असतो आणि पैसे पहिल्या दिवशी येतात. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यानं पगाराला महिन्याच्या सात तारखेची मुदत घातली, हजाराहून जास्त कामगार असतील तिथे दहा तारखेची. भाडं मात्र पाचच्या आत. फळ्यावर आम्ही एक लांब रेघ ओढतो, एक ते तीस, आणि वर जमा, खाली खर्च अशा खुणा करतो. आईचे पैसे तीन घरांतून तीन तारखांना, खाडे कापून. दूधवाल्याचं महिन्याला. सिलिंडर पस्तीस-चाळीस दिवसांनी. मोबाईलच्या रिचार्जचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षात तेरा रिचार्ज. हे तेरावं रिचार्ज सापडलं तेव्हा एका मुलानं चोर पकडल्यासारखी टाळी वाजवली. बचत गटाच्या कर्जाचा हप्ता दर आठवड्याला. रेघ पुरी झाली की दिसतं, बेरीज जुळली असती तरी एक ते सात तारखेला घर कोरडंच असणार. त्या सात दिवसांना वाण्याची वही असते. ‘उधारी म्हणजे कर्ज का?’ असं विचारल्यावर वर्गात फूट पडली. दुकानदाराचा पोरगा म्हणाला, कर्जच; बाकी सगळे म्हणाले, ओळख.

भिशीवरून तर दरवर्षी भांडण. दहा बायका, महिन्याला हजार रुपये, दर महिन्याला एकीच्या नावाची चिठ्ठी. ही बचत का खर्च? पहिल्या महिन्यात चिठ्ठी लागली तर ते बिनव्याजी कर्ज, शेवटी लागली तर बिनव्याजी ठेव, असा शोध एका मुलीनं लावला. मी तो तिच्या नावानं पाठ करून ठेवला आहे. त्यावर मागून उत्तर आलं की, बँकेत ठेवले तर वडील काढतात, भिशीत घातले तर नाही काढता येत. खोटं घर असलं की मुलं खरं बोलतात ते असं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात व्याजदराचा तक्ता असतो, या कारणाला तिथे जागा नाही.

तूट मिटवायची वेळ आली तेव्हा मी प्रत्येक ओळीपुढे एक जास्तीचा रकाना काढला: ‘थांबवता येईल का?’ हो किंवा नाही, एवढंच लिहायचं. मला वाटलं होतं गरजेच्या वस्तूंपुढे ‘नाही’ येईल आणि चैनीपुढे ‘हो’. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात गरजा आणि इच्छा असे दोन कप्पे असतात, ते डोक्यात बसलेले. आलं ते असं: भाडं, नाही. दुचाकीचा हप्ता, नाही. गटाचा हप्ता, नाही. रिचार्ज, नाही. किराणा, थोडा. दूध, अर्ध्या लिटरचं पाव. शिकवणी, हो. आजीचं औषध, ‘एक दिवसाआड’. आणि आईचा चष्मा, हो. हा चष्मा कुठून आला होता कोण जाणे, एका गटानं ‘आरोग्य’ या सदराखाली लिहिला होता, १,२०० रुपये. पुढे कंसात, पुढच्या महिन्यात.

मी विचारलं, आई तीन घरी स्वयंपाक करते, तिला तांदळातला खडा दिसत नाही. तिची कामं गेली तर सात हजार जातील. मग चष्मा ‘हो’ कसा आणि गाडी ‘नाही’ कशी? उत्तर द्यायला कुणाला क्षणही लागला नाही. ‘मॅडम, हप्ता थकला तर गाडी ओढून नेतात. चष्मा कोण ओढून नेणार?’

वर्ग हसला, मीही हसले. पण त्या एका वाक्यानं फळ्यावरच्या सगळ्या ओळी आपापल्या जागी जाऊन बसल्या. घरातल्या खर्चांचा क्रम गरजेनं लागत नाही, चैनीनं तर नाहीच. तो लागतो समोरच्याच्या ताकदीनं. घरमालक सामान बाहेर काढू शकतो, म्हणून तो पहिला. गटाचा हप्ता चुकला तर बाकीच्या बायका दारात येऊन बसतात, म्हणून तो दुसरा. रिचार्ज संपला की कंपनी त्याच रात्री फोन मुका करते. वाणी तोंड वाकडं करतो पण थांबतो. आजीचे गुडघे रात्री कण्हतात, पण नोटीस पाठवत नाहीत. डोळे तर बिचारे काहीच करत नाहीत. दिसतं तेवढं दाखवतात. महिन्याचं अंदाजपत्रक म्हणजे कोण दारात येऊ शकतं याची उतरत्या क्रमानं केलेली यादी, आणि तिच्या तळाशी घरातलीच माणसं. हे पोरांना आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला. आयुष्यभर पहिल्या तारखेला पगार खात्यात जमा होणाऱ्याला ते कळायचं तरी कसं?

पिंपळे सौदागर आमच्या शाळेपासून लांब नाही. आज तिथे उंच इमारती आहेत आणि माझ्या वर्गातल्या कितीतरी आया तिथल्या लिफ्टनं कामाला जातात. शंभर वर्षांपूर्वी ते पवनेकाठचं लहानसं शेतकरी खेडं होतं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन त्या गावाची घरं अन् घरं तपासली: जमीन किती, तिचे तुकडे किती, पीक किती, मजुरी किती, कर्ज किती, वर्षाला लागतं किती. ते पुस्तक १९१७ साली निघालं. निष्कर्ष थोडक्यात असा की, बहुतेक घरांची नुसत्या शेतीवर तोंडमिळवणी होत नव्हती, बाहेरची मजुरी धरूनही अनेकांची होत नव्हती. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, ‘मग ती माणसं जगली कशी?’ साध्या प्रश्नाला साधं उत्तर: कर्जावर, आणि पोटाला चिमटा घेऊन. सावकार दारात येऊ शकत होता, पोट नाही.

त्याआधी, मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेल्या एका प्राध्यापकानं अख्ख्या देशाचाच असा हिशोब मांडला होता. दादाभाई नौरोजींनी माणशी वार्षिक उत्पन्न काढलं, ते सुमारे वीस रुपये आलं. ते पुरतं की नाही हे ठरवायला त्यांनी सरकारचेच तुरुंगांचे अहवाल उघडले आणि कैद्याच्या अन्न-वस्त्राचा खर्च शेजारी ठेवला. कैद्यावर जास्त खर्च होत होता. गणिताचा माणूस रागावला की किती शांतपणे रागावतो याचा तो नमुना. पोरांना दादाभाई इतिहासाच्या पुस्तकातल्या पगडीपुरते माहीत होते. ते आपल्यासारखेच डाळ-तांदळाचे भाव मांडत बसले होते हे ऐकून त्यांचा भाव वर्गात एकदम वधारला.

देशाचा हिशोब आजही होतो. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला, ग्रामीण माणसाचा ४,१२२. एका मुलानं लगेच पाचानं गुणलं: ३४,९८०. फळ्यावरच्या घराकडे बघितलं, आणि म्हणाला, ‘ही पाच माणसं कोण आहेत?’ सरासरीच्या वर काही आणि खाली काही, हे मी त्याला आकृती काढून समजावलं. त्याला ते समजलंही. तरी त्या पाच माणसांचा राग त्याच्या चेहऱ्यावरून गेला नाही.

बजेट कसं करावं याची पत्रकं आता फुकट मिळतात. उत्पन्नाचा निम्मा भाग गरजांना, तीस टक्के इच्छांना, वीस टक्के बचतीला, असलं सूत्र त्यांत असतं. आमच्या घराला लावून बघितलं. निम्मे म्हणजे ११,७५०, त्यात भाडं आणि किराणाच जेमतेम बसतो. मुलांनी पत्रकाची विमानं केली. मी रागावले नाही. तरी पुस्तकी घराच्या बाजूनं एक गोष्ट बोलायला हवी. आकडे कागदावर आले की चोर सापडतात. तेरावं रिचार्ज सापडलं, पाच रुपयांची चहापुडी सापडली, गुटख्याची ओळ सापडली. ती ओळ एका मुलानं लिहिली, दुसऱ्यानं खोडली, तिसऱ्यानं पुन्हा लिहिली: रोज तीस, महिन्याला नऊशे. कुणी काही बोललं नाही. खाली बेरीज मात्र ती धरूनच झाली.

आणि चष्म्याचं काय? मुलींच्या एका गटानं तोड काढली. चष्म्याचा हप्ता करायचा. चार महिने, महिन्याला तीनशे, आणि ही ओळ भाड्याच्याही वर लिहायची. ‘पण वसुलीला कोण येणार?’ असा प्रश्न अर्थातच आला. ‘मी येणार,’ गटातली एक म्हणाली, ‘फळ्यावरची मुलगी. ती नववीत आहे, तिला बेरीज येते.’ दूध पाव लिटर झालं, गावाकडे पाठवायचे हजाराचे सातशे झाले, त्यावरून आजीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी आरडाओरडा केला. पहिला हप्ता बाजूला पडला, दुसराही. तिसऱ्या महिन्यात मी मुद्दाम धाकट्याला ताप आणला. मला ते करावंच लागतं, नाहीतर आमचंही घर पुस्तकी व्हायला लागतं. दवाखाना आणि औषधं मिळून साडेआठशे. चष्म्याचे सहाशे डब्यात होते. एक गट म्हणाला, वापरा. मुली म्हणाल्या, अजिबात नाही, भिशी लवकर मागा, वाण्याला थांबवा, वडिलांच्या नऊशेतून घ्या. शेवटी तीनशे डब्यातून गेले आणि उरलेले नऊशेतून. वडिलांना हे कोण सांगणार यावर मात्र एकमत झालं नाही.

चष्मा अजून यायचा आहे. आता सगळे जानेवारीच्या रेघेवर वाकलेत. खोलीचा अकरा महिन्यांचा करार तेव्हा संपतो, हे दुकानदाराच्या पोरानं तारखा मोजून काढलं, आणि घरमालक किती वाढवून मागेल यावर पाचशे म्हणणारे आणि हजार म्हणणारे असे दोन तट पडलेत.